आपल्या हाताची ग्रिप: धनुष्याची मूठ घरच्या घरी कशी घडवायची

माझी पहिली घरगुती ग्रिप दिसायला झकास होती. एम-सीलचा भलाथोरला गोळा मुठीवर थापला, हात गच्च आवळला आणि चारही बोटांच्या खाचा सुबक उमटल्या. मैदानावर ज्याने-त्याने हातात घेऊन पाहिली आणि "काय बसलीय राव!" म्हटलं. मग ३० मीटरवर बाण मारले, तर ते टार्गेटवर डावी-उजवीकडे असे पांगले की कुणी मूठभर शेंगा उधळल्यात असं वाटावं.

कारण कळायला दोन महिने गेले. बोटांना खाच दिली की बोटं काम करायला लागतात. काम करणारी बोटं दर बाणाला सारख्याच जोराने आवळत नाहीत. एकदा कमी, एकदा जास्त. आवळलं की धनुष्य किंचित पिळलं जातं. कागदावरचं गणित बघा: नॉकपासून (बाणाच्या मागची, दोरीत अडकणारी खाच) रेस्टपर्यंत (धनुष्यावरचा बाणाचा टेकू) साधारण ७० सेंटिमीटर धरले आणि रेस्ट १ मिलिमीटर बाजूला सरकली, तर ७० मीटरवर ती चूक १० सेंटिमीटरची होते. ऑलिंपिकच्या १२२ सेंटिमीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १२.२ सेंटिमीटर व्यासाचं असतं, म्हणजे मध्यापासून जेमतेम ६ सेंटिमीटर. प्रत्यक्षात बाण सुटताना याहून बरंच काही घडतं, पण एका मिलिमीटरची किंमत कळायला एवढं पुरे.

तेव्हा नवख्यांनी पहिल्यांदा डोक्यातून हे काढून टाकावं की चांगली ग्रिप म्हणजे हाताचा साचा. धनुष्य आपण धरत नाही, ढकलतो. ग्रिपचं काम एवढंच की हात दर वेळी एकाच जागी जाऊन टेकावा आणि लागायला नको तो तळवा लागू नये. म्हणून या कामात पुट्टी लावायला अर्धा तास लागतो आणि घासून काढायला आठवडा.

आणखी एक. सहा महिने तरी नियमित सराव झाल्याशिवाय ग्रिपला हात लावू नका. तोवर हाताची जागाच ठरलेली नसते. आज घडवलेली ग्रिप महिन्याने चुकीची वाटते. याला अपवाद एकच: जुनं रायझर (धनुष्याचा मधला, मुठीचा भाग) विकत घेतलं असेल आणि आधीच्या मालकाने ग्रिप स्वतःच्या हातासाठी घासलेली असेल तर. तशी ग्रिप पहिल्या दिवशी काढा आणि कंपनीची साधी ग्रिप लावा.

आधी हात वाचा

मी उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्यांसाठी लिहितोय, म्हणजे धनुष्य डाव्या हातात. डावरे असाल तर सगळं उलट घ्या.

डावा तळवा समोर धरा. अंगठ्याच्या मुळाशी मांसल उंचवटा आहे, त्याला वळसा घालून जाणारी रेघ म्हणजे ज्योतिषांची आयुष्यरेषा. आयुष्य किती ते ज्योतिषी सांगतील; तिरंदाजासाठी ती सीमारेषा आहे. रेघेच्या अंगठ्याकडचा भाग ग्रिपवर टेकायचा, करंगळीकडचा टेकायचा नाही. अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी ग्रिपच्या सगळ्यात खोल भागात, म्हणजे गळ्यात, बसते. मुठीच्या गाठी रायझरशी साधारण ४५ अंशांचा कोन करतात. हात असा तिरपा ठेवला की कोपर आपसूक बाहेर वळतं आणि दोरी हाताला कमी लागते.

आता पावडरची चाचणी. ग्रिपवर तोंडाला लावायची पावडर पातळ फासा, धनुष्य ओढा, दहा सेकंद धरा, सावकाश उतरवा, तळवा बघा. (बाण लावलेला नसताना दोरी कधीच सोडायची नाही. लिंब, म्हणजे धनुष्याच्या वरच्या-खालच्या वाकणाऱ्या पात्या, तुटतात, डोळा जाऊ शकतो. खाली जे जे "ओढा" म्हणतोय त्याचा अर्थ "ओढा आणि हाताने परत न्या".) असं पाच वेळा करा, दर वेळी हात पुसून. पाचही वेळा पावडर एकाच जागी उमटली तर तुमची ग्रिप बरी आहे, उगाच खर्चात पडू नका. करंगळीकडे पांढरा पट्टा आला, किंवा दर वेळी नकाशा बदलला, तर काम करण्यासारखं आहे.

मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडे सराव करणाऱ्या एका नववीतल्या मुलीची ही चाचणी घेतली. तक्रार वेगळीच होती. "दादा, साठ बाण झाले की अंगठ्याच्या खाली दुखतं. ग्रिप मोठी हवी का?" पावडर लावून बघितली तर तिच्या तळव्यावर रुपयाच्या नाण्याएवढा एकच ठिपका. कंपनीच्या ग्रिपवर तिथे एक धारदार कड होती आणि सगळा भार त्या कडेवर येत होता. ग्रिप मोठी करायची गरज नव्हती. कानशीने ती कड दोन मिलिमीटर उतरवली, पुट्टी चिमूटभरसुद्धा लागली नाही. दुसऱ्या दिवशी ठिपक्याच्या जागी बोटभर रुंद पट्टा आला आणि दुखणं थांबलं. "एवढंच?" म्हणाली. बहुतेक वेळा एवढंच असतं.

मनगटाचाही विचार आत्ताच करा. ग्रिपचा खालचा भाग तुमच्याकडे पुढे आलेला असेल तर मनगट वर उचललेलं राहतं आणि भार बेचकीजवळ येतो. ही हाय ग्रिप. खालचा भाग सपाट, रायझरला चिकटून असेल तर मनगट मागे वाकतं आणि भार तळव्याच्या टाचेकडे उतरतो. ही लो ग्रिप. लो ग्रिपवर मनगटाला आराम असतो, पण टाचेने कधी जास्त कधी कमी दाबलं जातं आणि बाण वर-खाली जातात. टाचेचा दाब वाढला की बहुधा वर. हाय ग्रिपवर स्पर्श कमी, म्हणून चुका कमी, पण मनगट दमतं. माझं मत विचाराल तर नवख्याने मधली ठेवावी.

सामान

पहिली गोष्ट, जादा ग्रिप. रायझरबरोबर आलेली मूळ ग्रिप डब्यात सुखरूप ठेवायची आणि प्रयोग दुसरीवर करायचे. बहुतेक रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेल्या धनुष्यांच्या) रायझरांची ग्रिप एका-दोन स्क्रूंवर बसते आणि सुटी विकत मिळते, लाकडी किंवा प्लास्टिकची. लाकडी मिळाली तर उत्तम, कारण ती घासताही येते आणि तिला पुट्टीही छान धरते.

बाकीचं सामान हार्डवेअरच्या दुकानात एका फेरीत मिळतं: एम-सील किंवा तशीच दोन भागांची इपॉक्सी पुट्टी, अर्धगोल कानस, ८०, १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर, एलन कीचा संच, मास्क, पातळ रबरी हातमोजे. घरून क्लिंग फिल्म, व्हॅसलीन, वाटीभर पाणी आणि जुनी मेणबत्ती. हातमोजे मिजास म्हणून सांगत नाही. न वाळलेली इपॉक्सी वारंवार कातडीला लागली तर काहींना कायमची ॲलर्जी होते.

आणि थोडी शाडूची माती. गणपतीच्या दिवसांत सगळीकडे मिळते, एरवी मुलांची खेळायची क्ले चालेल. रंगीत तालीम मातीत करायची. क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळलेल्या ग्रिपवर मातीचा पातळ थर लावा, हात टेकवून बघा, मोडा, पुन्हा लावा. पुट्टी अशी संधी देत नाही.

पुट्टी लावण्याचा दिवस

ग्रिप काढा आणि जिथे भर घालायची तेवढाच भाग ८० नंबरच्या पेपरने खरखरीत करा. गुळगुळीत प्लास्टिकवर पुट्टी आज बसल्यासारखी वाटते आणि पंधरा दिवसांनी खपलीसारखी निघते. घासल्यावर स्पिरिटने पुसा. थिनर किंवा ॲसिटोन प्लास्टिकवर वापरू नका, काही प्लास्टिकं विरघळतात.

स्क्रूच्या भोकात मेणबत्तीचं मेण ठासून भरा. हे एक वाक्य मी विसरलो होतो म्हणून माझी दुसरी ग्रिप करवतीने कापून काढावी लागली. पुट्टी स्क्रूच्या डोक्यात शिरून दगड झाली होती, एलन की आत जाईना. रायझरचा धातू जिथे ग्रिपच्या कडेला लागतो तिथे व्हॅसलीनचा हात फिरवा किंवा क्लिंग फिल्म गुंडाळा, मग ग्रिप परत बसवा.

पुट्टीचे दोन्ही भाग सारखे घ्या. एकूण गोळा लिंबाएवढा. त्याहून जास्त लागतोय असं वाटलं तर तुम्ही साचा बनवताय. कणीक मळतात तसं मळा, दोन रंगांची एकही रेघ उरता कामा नये. उरलेली रेघ म्हणजे कायमची मऊ जागा. एप्रिल-मेमध्ये पुट्टी भराभर आवळते, तेव्हा हे काम सकाळी लवकर करा.

लावायची कुठे? अंगठ्याचा मांसल भाग टेकतो तिथे, पातळ, दोन-तीन मिलिमीटर. गळ्यात भर घालायची ती बेचकी तिथे हलत असेल तरच. मनगट वर हवं असेल तर खालच्या भागावर थोडी. बोटांच्या बाजूला काहीही नाही.

पुट्टीवर ओली बोटं फिरवून गुळगुळीत करा, वर क्लिंग फिल्म ताणून बसवा आणि धनुष्य हातात घ्या. इथे बरेच जण नुसता हात दाबून ठसा घेतात. तो ठसा खोटा असतो, कारण ओढीखाली तळव्याचं मांस दबतं, हाडं जागा बदलतात, खांदा खाली बसतो. पण पूर्ण वजनाच्या लिंबांनी ओढलं तर ओली पुट्टी चेपून बाहेर येते. मधला मार्ग असा की हलके लिंब लावा, १६-१८ पौंडांचे, क्लबमध्ये नवशिक्यांसाठी असतात तेच. नेहमीसारखं उभं राहा, हात ठेवा, ओढा, पाच सेकंद, परत. हात पूर्ण काढा, झटका, पुन्हा ठेवा. असं तीन-चारदा. समोरून आणि बाजूने कुणाला तरी फोटो काढायला सांगा. दर वेळी हात उमटलेल्या जागीच पडला तर थांबा. धनुष्य उभं करून ठेवा आणि रात्रभर विसरून जा.

घासण्याचा आठवडा

सकाळी ग्रिप काढून बघितली की ती ओबडधोबड, सुरकुतलेली आणि थोडी लाज आणणारी दिसेल. तशीच दिसायला हवी.

मास्क लावा. पुट्टीची धूळ बारीक असते, फुप्फुसात जायला नको. शक्य तिथे पॉलिश पेपर पाण्यात बुडवून ओलंच घासा. रायझरवर बसवलेली ग्रिप घासू नका, धूळ प्लंजर (बाणाला बाजूने टेकणारी स्प्रिंगची खीळ) आणि क्लिकरमध्ये (ओढ पूर्ण झाली की वाजणारी पट्टी) जाते.

आधी कानस. करंगळीकडे ओघळलेली सगळी पुट्टी काढून टाका. बोटांच्या खाचा चुकून उमटल्या असतील तर निर्दयपणे सपाट करा. अंगठ्याचा भाग टेकतो ती जागा किंचित तिरपी आणि जवळजवळ सपाट हवी. खोलगट वाटी केली की हात कधी तिच्या अलीकडच्या काठावर बसतो, कधी पलीकडच्या. सपाट जागेवर चूक लगेच जाणवते. आयुष्यरेषेच्या सोबतीने जाणारी डावी कड मात्र मी थोडी ठळक ठेवतो. टोचणारी नको, बोट फिरवल्यावर कळेल इतपत. बाण मारताना ग्रिपकडे बघायला वेळ नसतो. ती कड तळव्याला सांगते की इथवरच.

गळ्याची रुंदी हा वादाचा विषय आहे. अरुंद गळ्यावर धनुष्य पिळायला हाताला पकड कमी मिळते, पण फार अरुंद झाला की बेचकीत रुततो आणि माणूस नकळत आवळायला लागतो. तुमच्या अंगठ्याच्या पेराएवढी रुंदी ठेवून सुरुवात करा.

नंतर १२० चा पेपर, आणि आता मैदानावर जा. पाच मीटरवर, टार्गेटचा कागद न लावता, नुसत्या गादीवर बाण मारा. काही बाण डोळे मिटून. बाण कुठे लागतोय ते बघायचं नाही, तळव्यात काय होतंय ते बघायचं. सुटल्यानंतर स्टॅबिलायझरचं (धनुष्याला पुढे लावलेल्या, तोल सांभाळणाऱ्या दांडीचं) टोक कुठे जातं ते मित्राला बघायला सांगा. सरळ पुढे जाऊन खाली झुकलं तर छान, दर वेळी एकाच बाजूला वळलं तर त्या बाजूचा दाब शोधा. फिंगर स्लिंग किंवा बो स्लिंग (धनुष्य हातातून पडू न देणारी दोरी) लावलेली असू द्या. ती नसेल तर धनुष्य पडेल या भीतीने हात आवळतोच आणि ग्रिप कितीही चांगली असली तरी उपयोग नाही.

एका वेळी एकच जागा बदला. पेपरचे दहा हात, मग पुन्हा बारा बाण. काय केलं ते वहीत लिहा. मी लिहायचो नाही आणि एका संध्याकाळी उत्साहात तीन जागा घासल्या. ग्रिप बिघडली, कशामुळे ते आजवर माहीत नाही. जास्त घासलं गेलं तर घाबरू नका, त्या जागी पुन्हा पुट्टी लावता येते. पाच-सहा दिवसांनी बदल करावासा वाटला नाही की १८ मीटरवर जा.

बाकीचं धनुष्य पुन्हा लावून घ्या

हे कुणी सांगत नाही आणि नवखा इथेच गोंधळतो. ब्रेस हाइट ग्रिपच्या गळ्यापासून दोरीपर्यंत मोजतात. गळ्यात ३ मिलिमीटर पुट्टी आली की मोजमाप ३ मिलिमीटर कमी भरतं, प्रत्यक्षात दोरी तिथेच असते. माझ्या ओळखीच्या एकाने त्या आकड्यासाठी दोरीला पीळ दिला आणि चांगलं ट्यून केलेलं धनुष्य बिघडवलं. ग्रिप बदलण्याआधी दोरीचं अंतर प्लंजरच्या भोकाच्या मध्यापासून मोजून लिहून ठेवा, पुढेही तेच माप धरा.

क्लिकरचं मात्र खरंच बदलतं. गळा ३ मिलिमीटर तुमच्याकडे आला म्हणजे धनुष्य तेवढंच पुढे गेलं. तुमची ओढ तीच, तरी बाणाचं टोक क्लिकरखालून आधी सुटणार आणि शरीर पूर्ण उघडायच्या आत "टक" वाजणार. क्लिकर तेवढाच मागे, स्वतःकडे घ्या. ओढीचं वजनही किंचित वाढतं, पण ते जाणवण्याइतकं नसतं. साइट (नेम धरायचं साधन) नव्याने लावावी लागेल, विशेषतः मनगटाची उंची बदलली असेल तर.

बेअरबोवाल्यांनी (साइट न लावता मारणाऱ्यांनी) एक लक्षात ठेवावं: उतरवलेलं धनुष्य सगळ्या साहित्यासकट १२.२ सेंटिमीटरच्या कड्यातून जायला हवं. ग्रिप त्यात अडेल अशी शक्यता कमी, पण वजनं लावलेली असतील तर मापून घ्या.

पृष्ठभाग

घाम हा आपल्याकडचा मोठा शत्रू. पावसाळ्यात कोकणात सराव करणाऱ्यांना सांगायलाच नको. तरीही चकचकीत वार्निश लावू नका, ओल्या हाताला ते साबणासारखं लागतं. २२० च्या पेपरने घासलेला कोरडा, मॅट पृष्ठभाग बहुतेकांना पुरतो. लाकूड उघडं असेल तर जवसाच्या तेलाचा एक पातळ हात. बॅडमिंटनच्या रॅकेटची टेप गुंडाळणारे पुष्कळ आहेत. ती घाम शोषते, पण ती पातळ घ्या, एकच पदर द्या आणि महिन्याला बदला, नाहीतर आठवडाभर घासून केलेल्या कडा तिच्याखाली पुरल्या जातात. खरखरीत पेपर चिकटवण्याची टूम मला पटत नाही. हात चुकीच्या जागी पडला तर तिथेच अडकतो, सरकून जाग्यावर येत नाही.

कंपाउंड आणि बांबू

२०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्यात सराव करणारे अदिती स्वामी आणि ओजस देवतळे दोघंही कंपाउंडमध्ये (टोकांना चाकं असलेल्या धनुष्याच्या प्रकारात) वैयक्तिक विश्वविजेते झाले, तेव्हापासून कंपाउंड हातात घेणारी पोरं आपल्याकडे वाढली आहेत. त्यांच्यासाठी थोडक्यात: कंपाउंडची मूठ मुळातच अरुंद असते. बाजूच्या पट्ट्या काढून उघड्या रायझरवर टेपचा एक पदर, इतकंच अनेकांना पुरतं. स्पर्धेत ६० पौंडांपर्यंत ओढ चालते, त्यामुळे पुट्टी लावलीच तर पूर्ण वाळल्याशिवाय ओढू नका, आणि रायझरचा धातू कानशीने कधीच घासू नका.

इंडियन राउंडचं (देशी धनुष्याच्या स्पर्धाप्रकाराचं) बांबूचं धनुष्य असेल तर त्याची मूठ कोरू नका, ती जागा सगळा ताण सोसते. बुचाच्या पातळ पट्ट्या चिकटवून, वर चामड्याची पट्टी ओढून बांधा. काढायची झाली तर धनुष्याला ओरखडा येत नाही.

दुसरी ग्रिप

ग्रिप मनासारखी झाली की त्याच आठवड्यात तिची जुळी बनवा. स्पर्धेच्या आदल्या दिवशी ग्रिप हरवलेली मी पाहिली आहे. जाड पुठ्ठ्याचे तीन साचे कापा: बाजूचा, मागचा आणि गळ्याचा आडवा. दुसऱ्या ग्रिपवर पुट्टी लावून त्या साच्यांबरहुकूम घासा. पहिलीला आठवडा लागला, दुसरीला दोन दिवस लागतील. हल्ली फोनने स्कॅन करून थ्रीडी प्रिंटही काढतात. छान होते, फक्त पीएलए प्लास्टिकची असेल तर उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. साठेक अंशांना ते मऊ पडतं. माझी एक अशीच डॅशबोर्डवर जिलबी झाली.

वाढत्या वयाच्या मुलांची ग्रिप वर्षातून एकदा पावडर लावून तपासा. ग्रिपच्या आतल्या बाजूला, जी रायझरला लागते, कायम शाईने तारीख लिहा. माझ्या डब्यात आता सात ग्रिप आहेत. पहिलीवर बोटांच्या खाचा अजून आहेत, आणि नवीन पोरं डब्यातून नेमकी तीच उचलून म्हणतात, "दादा, ही किती मस्त बसतेय!"